नोकरी म्युनिकला, घर आउग्सबुर्गला: रोजच्या प्रवासाचं गणित आम्ही कसं मांडलं

म्युनिकच्या कंपनीचं काँट्रॅक्ट एप्रिल २०२३ मध्ये मेलवर आलं. आधी पगाराचा आकडा वाचला, मग म्युनिकमधली घरभाडी शोधली, आणि आनंद तिथेच निम्मा ओसरला. मी, नवरा आणि तेव्हा चार वर्षांची मुलगी अशा तिघांना पुरेल एवढ्या घराचं भाडं हातात येणाऱ्या पगारातला मोठा लचका तोडणार होतं. तिकडे राहणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींना फोन केले. काहींनी सांगितलं, आउग्सबुर्गला राहा, साठ किलोमीटर तर आहे, रेल्वेने ये-जा कर. बाकीच्यांनी सांगितलं, काय वाट्टेल ते कर, पण रोजच्या प्रवासाच्या फंदात पडू नकोस. दोन्ही बाजू इतक्या छातीठोकपणे बोलत होत्या की कुणाचंच ऐकवेना. मग आम्ही आमचं आम्हीच मोजायला बसलो. त्यात जे कळलं ते तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं काम भारतात बसूनच झालं. काँट्रॅक्टमध्ये कामाचं ठिकाण ‘म्युनिक’ एवढंच होतं आणि घरून काम करण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. इंटरव्ह्यूमध्ये मात्र ‘आमच्याकडे त्याबाबत काही कटकट नसते’ असं तोंडी सांगितलं होतं. मी नम्रपणे लिहून विचारलं की हे कागदावर मिळेल का. आठवड्याभराने सुधारित प्रत आली: आठवड्यातून दोन दिवसांपर्यंत घरून काम. पुढचा सगळा हिशेब या एका ओळीवर उभा राहिला. तोंडी सवलत देणारा मॅनेजर बदलतो, कागद बदलायला तुमची सही लागते.

दुसरं विचारलं ते ऑफिसचा नेमका पत्ता. म्युनिक म्हणजे एक ठिकाण नव्हे. कुणाचं ऑफिस उत्तरेला गार्खिंगला असतं, उ-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, शेवटच्या स्टेशनाशी. कुणाचं उंटरफ्योरिंगला, कुणाचं नॉयपरलाखला. आमचं डोनर्सबर्गरब्र्युकेजवळ, म्हणजे शहराच्या पश्चिमेच्या बाजूला निघालं. आउग्सबुर्गहून येणारी गाडीही पश्चिमेकडूनच शिरते आणि मुख्य स्टेशनाआधी पासिंगला थांबते. तिथे उतरून एस-बान, म्हणजे इथली लोकल, घेतली की सात-आठ मिनिटांत ऑफिसचं स्टेशन. ऑफिस गार्खिंगला असतं तर आउग्सबुर्गचा विषय आम्ही त्याच दिवशी बंद केला असता.

व्हिसाचं फार लिहीत नाही, त्यावर बक्कळ माहिती उपलब्ध आहे. ब्लू कार्डासाठीचा (म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांच्या राहण्या-कामाच्या परवान्यासाठीचा) व्हिसा, फी ७५ युरो, विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत मान्य असल्याचं दाखवणारं आनाबिनच्या साइटवरचं प्रिंटआउट, मुंबईत अपॉइंटमेंट. मला सहा महिन्यांचा व्हिसा मिळाला. ही मुदत लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी एकटीच गेले. नवरा आणि मुलगी घर मिळाल्यावर येणार होते. कंपनीने तीन महिन्यांसाठी म्युनिकमध्ये सामानासकट एक खोली दिली होती. तिथे दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पालिकेत राहत्या पत्त्याची नोंद. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एका पानाचा दाखला लागतो, भाडेकरार दाखवून भागत नाही. ही नोंद झाली की टॅक्स-आयडी आपोआप पोस्टाने येतो. पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवायला विसरू नका. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि इथे सगळं पत्रानेच येतं.

ऑक्टोबरपासून घर शोधायला लागले. इथे भाडं दोन आकड्यांत सांगतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे मिळवून. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं, आणि प्रत्येक घरामागे रेडिओ-टीव्हीचा १८.३६ युरो महिना कर, टीव्ही असो वा नसो. जाहिरातीत ठळक दिसतो तो बहुतेकदा काल्टमीटे, तेव्हा तुलना करताना नेहमी वार्ममीटे धरा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. हे बरेच जण सांगत नाहीत. एजंट मालकाने नेमलेला असेल तर त्याची फीही मालकानेच द्यायची, हा नियम २०१५ पासून आहे.

अर्जासोबत एकच पीडीएफ तयार ठेवली होती: पासपोर्ट, व्हिसा, काँट्रॅक्ट, मिळतील तेवढ्या पगारपत्रिका, शूफा नावाचा पतदाखला आणि आमच्याबद्दल पाच ओळी. नव्याने आलेल्या माणसाच्या शूफात दाखवण्यासारखं काही नसतंच, पण तो जोडलेला असला की फाइल पूर्ण दिसते. म्युनिकमधल्या बहुतेक अर्जांना उत्तरच आलं नाही. आउग्सबुर्गमध्ये उत्तरं येत होती, निदान नकार तरी येत होता. एक इशारा देऊन ठेवते: ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं लिहिणारा मालक अस्तित्वात नसतो. घर आत जाऊन पाहिल्याशिवाय एक सेंटही द्यायचा नाही.

आता मूळ मुद्दा, प्रवास. ॲप उघडलं की आउग्सबुर्ग–म्युनिक ‘३० मिनिटं’ दिसतं. ती आयसीई, वेगवान गाडी. डॉइचलांड टिकीट नावाचा जो पास सगळे घेतात, तो तिला चालत नाही. तो पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला. त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान, उ-बान, ट्राम, बस सगळं चालतं. आयसीई आणि आयसी वगळून. म्हणजे माझ्या कामाची गाडी प्रादेशिक, आणि तिला पासिंगपर्यंत सुमारे चाळीस मिनिटं. कंपनीने निदान पाव हिस्सा उचलला तर नोकरदारांना या पासावर आणखी ५ टक्के सूट मिळते. आमच्याकडे ती योजना होती, त्यामुळे मला तो ३४.३० युरोंना पडला. ही योजना आहे का, हे काँट्रॅक्टवर सही करण्याआधीच विचारून घ्या. आणि इथेच एक गंमत लक्षात आली. म्युनिकमध्ये राहिले असते तरी हाच पास, याच किमतीला घेतला असता. म्हणजे लांबच्या प्रवासाचा पैशातला जादा खर्च शून्य. उरतो फक्त वेळ.

तो वेळ मी घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत मोजायचा ठरवला. नोव्हेंबरमध्ये एका बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधूनच आउग्सबुर्गला गेले, रात्री साध्याशा हॉटेलात राहिले आणि गुरुवारी सकाळी तिथून कामावर आले. हॉटेलचे ७० युरो गेले, पण सगळ्या शोधमोहिमेतला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तो. शनिवारी दुपारी रिकाम्या गाडीतून केलेला ‘ट्रायल’ काही सांगत नाही. कामाच्या दिवशी सकाळी सातची गाडी सांगते: बसायला जागा मिळते का, पासिंगला प्लॅटफॉर्म बदलायला किती वेळ जातो, गाडी पाच मिनिटं उशिरा आली की पुढची एस-बान चुकते का आणि चुकली तर त्यानंतरची कधी आहे.

त्या सकाळी आकडा असा आला: हॉटेलपासून स्टेशन चालत पंधरा मिनिटं, गाडीआधी पाच मिनिटं हाताशी, गाडी चाळीस, पासिंगला आठ, एस-बान आठ, शेवटचं चालणं पाच. जवळजवळ ऐंशी मिनिटं. ॲपवरचे तीस कुठे आणि हे कुठे! हाउनश्टेटन या दक्षिणेकडच्या भागात एक घर आणखी स्वस्त होतं, पण तिथून आधी वीस-पंचवीस मिनिटं ट्राम. म्हणजे साखळीत आणखी एक कडी. ते सोडून दिलं आणि नियम केला: घर कुठेही असो, स्टेशनला चालत जाता आलं पाहिजे.

रात्री बाबांना फोनवर ऐंशी मिनिटं सांगितली. “मग? मी बावीस वर्षं डोंबिवलीहून फोर्टला जात होतो, तेवढीच की,” बाबा म्हणाले, “आणि तुला बसायला मिळणार.” त्यांचं खरंच होतं. पण फरक शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की डोंबिवलीला एक लोकल गेली की पाठोपाठ दुसरी असते, इथे एक गाडी गेली की बऱ्याचदा अर्धा तास. म्हणून मी वेळापत्रकात दोन गोष्टी पाहिल्या: मला हवी ती गाडी किती वाजता, आणि ती रद्द झाली तर मी किती वाजता पोचेन. दुसरा आकडा एकशेदहा मिनिटं निघाला. तो महिन्यातून काही वेळा भोगावा लागणार हे धरूनच पुढे विचार केला. अधूनमधून म्युनिकला जाणारे आणि रोज जाणारे यांच्या सल्ल्यात एवढा फरक का पडतो, तेही तेव्हा समजलं. पहिले चाळीस मिनिटं आठवतात, दुसरे एकशेदहा.

मग वहीत पैशांचं गणित. तीन खोल्यांचं साधारण ७२ चौरस मीटरचं घर म्युनिकमध्ये वार्ममीटे २,०५० युरोंच्या आसपास पाहिलं होतं, आउग्सबुर्गमध्ये १,३४० ला. महिन्याला ७१० चा फरक, वर्षाला ८,५२०. वेळेचा फरक: म्युनिकमध्ये राहूनही चाळीस मिनिटं लागणारच होती. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस धरलं तर आउग्सबुर्गचा प्रवास आठ तास, म्युनिकचा चार. जादा चार तास, सुट्ट्या वजा करून वर्षाचे पावणेदोनशे. म्हणजे प्रवासाच्या प्रत्येक जादा तासामागे ४८ युरो वाचत होते. हेच पाच दिवस ऑफिस धरलं की आकडा २९ वर येतो. काँट्रॅक्टमधल्या त्या एका ओळीची किंमत ही.

शिवाय इन्कम टॅक्समध्ये प्रवासाची वजावट आहे. तुम्ही कशाने जाता आणि प्रत्यक्षात किती खर्च करता याच्याशी तिचा संबंध नाही; घर ते ऑफिस हे एका बाजूचं अंतर धरतात. २०२४ च्या नियमाने पहिल्या २० किलोमीटरना ३० सेंट आणि एकविसाव्यापासून ३८ सेंट. साठ किलोमीटरचे दिवसाला २१.२० युरो. वर्षाचे साधारण १३० दिवस ऑफिस धरलं तर २,७५६ युरो. मात्र हे सगळे परत मिळतात असं समजू नका, जे अनेकांना वाटतं. १,२३० युरोंची सरसकट वजावट प्रत्येक नोकरदाराला तशीही असते. त्याच्या वर जेवढं जाईल तेवढाच फायदा, आणि तोही आपल्या कराच्या टक्क्यापुरता. घरून काम केलेल्या दिवसाचे ६ युरो मिळवून आमच्या हिशेबात हाती पाच-सहाशे युरो येणार होते. वाईट नाही, पण या आकड्यावर घर ठरवू नये.

गणित बरोबर होतं. तरी मला झोप लागत नव्हती, कारण जादा तास कुठले आहेत हे वहीत दिसत नव्हतं. ते संध्याकाळी सहा ते साडेसातमधले होते, म्हणजे मुलगी जागी असण्याचे. त्यातच २ डिसेंबरच्या शनिवारी म्युनिकमध्ये असा बर्फ पडला की विमानतळ बंद झाला आणि मुख्य स्टेशनात गाड्या येईनात. त्या दिवशी आउग्सबुर्गला एक घर बघायला जायचं होतं, ते अर्थातच राहिलं. पुढचे काही दिवस गाड्यांचं काही खरं नव्हतं. डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. खोलीत एकटी बसून मी नवऱ्याला मेसेज केला की जाऊ दे, म्युनिकमध्येच लहान घर घेऊ.

त्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडे मुद्दे तयार होते. त्याने एकच विचारलं. “अगं, तू आठवड्यातून तीन दिवस तिथून बाहेर असशील. मी आणि पिल्लू सातही दिवस तिथेच असणार. घर आमच्या सोयीने बघूया की.”

मी हा सगळा विचार माझ्या प्रवासाचा म्हणून करत होते. पण त्याला पहिलं वर्षभर जर्मनचा क्लास करायचा होता. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला येण्यापूर्वी भाषेची परीक्षा लागत नाही आणि कामही लगेच करता येतं, पण त्याच्या क्षेत्रात भाषेवाचून नोकरी मिळणार नव्हती. मुलीला किटा, म्हणजे बालवाडी, हवी होती. डॉक्टर, क्लास, बाग, दुकान ही त्या दोघांची रोजची ठिकाणं. आणि पालिका, परदेशी नागरिकांचं कार्यालय, शाळा ही सगळी कामं राहत्या पत्त्यावरून, कामाच्या दिवशी, दिवसाढवळ्या होतात. जिथे या गोष्टी चालत किंवा एका ट्रामवर आहेत तिथे दोघांचे सातही दिवस सुखाचे जातील. म्युनिकच्या आमच्या ऐपतीतल्या दोन खोल्यांत ते होणार नव्हतं. मधला मार्गही चाचपला होता: ओल्खिंग, फ्युर्स्टनफेल्डब्रुक ही एस-बानवरची गावं. प्रवास निम्मा, पण भाडी म्युनिकहून फार कमी नाहीत, आणि नवऱ्याला पाहिजे तसा सकाळचा क्लास त्यासाठी पुन्हा म्युनिकला जाऊन करावा लागला असता. आउग्सबुर्ग हे तीन लाख वस्तीचं, आपल्या पायावर उभं असलेलं शहर आहे. तिथे राहणं म्हणजे म्युनिकच्या वेशीवर राहणं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये फेर्झे भागात घर मिळालं, स्टेशनपासून चालत सोळा मिनिटांवर. काल्टमीटे १,०८०, अनामत ३,२४०, तीन हप्त्यांत दिली. इथे घरात बऱ्याचदा स्वयंपाकघराचे ओटे-कपाटंसुद्धा नसतात. आधीच्या भाडेकरूकडून ते सगळं १,२०० युरोंना घेतलं. त्या खर्चाची तजवीज ठेवा, नाहीतर पहिला महिना इलेक्ट्रिक शेगडी जमिनीवर ठेवून काढावा लागतो. करारात एक कलम मी काढून घ्यायला लावलं: दोन वर्षं घर सोडता येणार नाही, असं. माझा प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांचा परीक्षाकाळ, अजून संपला नव्हता आणि त्या काळात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकते. असं कलम नसलं की भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस पुरते. मालकीणबाईंना कारण सांगितलं, त्यांनी मान्य केलं. विचारायला लाजू नये.

सही केल्यानंतरच्या आठवड्यात, २४ जानेवारीपासून, रेल्वेचालकांचा बरेच दिवसांचा संप झाला. मी तेव्हा म्युनिकच्या खोलीतच होते (तीन महिन्यांनंतरचं तिचं भाडं मीच भरत होते), त्यामुळे मला झळ बसली नाही. पण बॉस काय करतो हे बघायला मिळालं. त्याने आदल्या दिवशीच मेल केला की गाडीने येणाऱ्यांनी घरून काम करा, ते दोन दिवसांच्या कोट्यात धरलं जाणार नाही. वेळापत्रक बघून कळलं नसतं ते या मेलने कळलं. जमलं तर टीममधल्या लांबून येणाऱ्या एखाद्याशी आधीच चहा प्या आणि असल्या दिवसांबद्दल विचारा. आमच्याकडे लांड्सहूट आणि रोझनहाइमहून येणारे होते, त्यांनी हातचं न राखता सांगितलं.

१ फेब्रुवारीला घर बदललं. पुन्हा दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद, या वेळी आउग्सबुर्गला. आता ती व्हिसाची मुदत: माझा व्हिसा मार्चमध्ये संपत होता आणि ब्लू कार्डाचा अर्ज त्याआधी करणं भाग होतं. हा अर्ज राहत्या गावच्या कार्यालयात करायचा असतो, ऑफिसच्या गावी नव्हे. म्युनिकला अर्ज करून मग गाव बदललं की फाइल एका कार्यालयातून दुसरीकडे जाते, आणि तेवढे दिवस तुम्ही दोघांच्या मध्ये. म्हणून घर कुठे हे नक्की होईपर्यंत मी अर्ज थांबवला होता आणि फेब्रुवारीत आउग्सबुर्गला केला. व्हिसा संपल्यावरच्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा जिभेला व्यायाम देणारा तात्पुरता कागद मिळाला. कार्ड मे महिन्यात हातात आलं, फी १०० युरो. अपॉइंटमेंटचे दिवस मी घरून काम करण्याचे ठेवले, त्यामुळे रजा घालवावी लागली नाही.

(आउग्सबुर्गच्या भाड्यांचा विषय निघालाय म्हणून: इथे फुगेराय नावाची वसाहत आहे, याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ मध्ये गरजूंसाठी स्थापलेली. तिथलं वर्षाचं काल्टमीटे आजही ८८ सेंट आहे. अटी अशा की माणूस आउग्सबुर्गचा रहिवासी, गरजू आणि कॅथलिक हवा. आम्ही पहिली अट पूर्ण केली आहे.)

नवरा आणि मुलगी फेब्रुवारीच्या मध्याला आले. किटाची जागा एप्रिलमध्ये एका चर्चच्या बालवाडीत मिळाली, साडेचारला बंद होणारी. बायर्न (बव्हेरिया) हे आमचं राज्य तीन वर्षांवरच्या मुलांच्या शुल्कात महिन्याला १०० युरोंची सूट देतं, ती थेट बिलातूनच वजा होते. सुरुवातीचे काही आठवडे पालकाने मुलासोबत बसायचं असतं, ते नवऱ्याने केलं. प्रवास करणाऱ्या आईबापांसाठी किटातला महत्त्वाचा कागद म्हणजे मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची यादी. मुलीला ताप आला की फोन येतो आणि लगेच येऊन न्या म्हणतात. मी ऐंशी मिनिटांवर, नवरा क्लासमध्ये फोन बंद करून बसलेला. आम्ही खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारून त्यांचं नाव यादीत घातलं. एकदा तशी वेळ आलीच. आजी छत्री घेऊन गेल्या आणि मी पोचेपर्यंत पिल्लू त्यांच्या सोफ्यावर झोपलं होतं. गाडीत बसून काहीच करता येत नाही, ही ऐंशी मिनिटं मात्र फार मोठी असतात. त्याची तयारी कुठल्याच गणिताने होत नाही.

बाकी सवय झाली. मंगळ-बुध-गुरू ऑफिस. सकाळी ६:४० ला घर सोडते, चारच्या सुमारास ऑफिसातून निघते, साडेपाचपर्यंत घरी. लवकर जाऊन लवकर निघण्याची मुभा मागून घेतली, त्याने संध्याकाळ बरीचशी वाचली. गाडीतला वेळ कामाचा धरतात का, असंही विचारून पाहिलं, नाही धरत. मग लॅपटॉप बॅगेतच ठेवला आणि जर्मनचं पुस्तक काढलं. जाता-येता अपघात झाला तर मात्र तो कामावरचाच अपघात मानून विमा मिळतो, अगदी वाटेत मुलाला किटात सोडायला वळण घेतलं तरी. उशिराची भरपाईही आहे: या पासावर तासाभराहून जास्त उशीर झाला तर दीड युरो, आणि चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत, म्हणजे तीन उशीर साठवून अर्ज करायचा. मी करत नाही.

सप्टेंबरअखेर ऑक्टोबरफेस्टच्या, म्हणजे म्युनिकच्या बिअरच्या जत्रेच्या, दिवसांत संध्याकाळी डोनर्सबर्गरब्र्युकेला गाडीत शिरणं हा वेगळाच अनुभव, जत्रेकडून येणारी गाडी आधीच चामडी चड्ड्या आणि गाण्यांनी भरलेली असते. त्या पंधरवड्यात घरून कामाचे दिवस आधीच मागून घ्यावेत. आणि ८ ऑगस्टला आउग्सबुर्गमध्ये शांततेचा सण म्हणून सार्वजनिक सुट्टी असते. जर्मनीत फक्त या एकाच शहराला असलेली. किटा बंद, दुकानं बंद, नवरा-मुलगी तळ्यावर. सुट्टी मात्र कामाच्या ठिकाणाप्रमाणे मिळते, त्यामुळे मी म्युनिकला.

जानेवारी २०२५ पासून पास ४९ वरून ५८ युरो झाला, माझा हिस्सा ४०.६० वर गेला. त्याने हिशेबात फरक पडत नाही. फरक पडू शकतो तो ऑफिसच्या दिवसांनी. सगळीकडे चालली आहे तशी चार दिवस बोलावण्याची चर्चा आमच्याकडेही सुरू झाली होती. मी एचआरला काँट्रॅक्टमधली ओळ दाखवली, सध्या तरी माझे दोन दिवस शाबूत आहेत.

मुलगी या सप्टेंबरमध्ये पहिलीत जाईल. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते आणि नावनोंदणी मार्चमध्ये असते, म्हणून म्युनिकला जायचं की नाही याचा पुन्हा एकदा विचार फेब्रुवारीत केला. नवऱ्याची जर्मनची बी१, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा झाली आहे, त्याचे इथल्याच एका कंपनीत इंटरव्ह्यू चालू आहेत, मुलीच्या मैत्रिणी याच गल्लीत आहेत. राहायचं ठरलं. पण शाळा अकरा-साडेअकरा ते एकच्या मध्ये कधीतरी सुटते, किटासारखी साडेचारला नाही. दुपारच्या देखभालीचा अर्ज शाळेतच वेगळा भरायचा असतो आणि त्याच्या जागा शाळेच्या प्रवेशासोबत आपोआप मिळत नाहीत. अर्जात दोन्ही पालकांच्या कामाच्या वेळा विचारल्या होत्या. मी माझ्या वेळेच्या शेजारी प्रवासाची वेळही लिहिली, जाऊन-येऊन १६० मिनिटं. उत्तर अजून यायचं आहे.